हाफ फेअर कार्ड आणि फ्रुटिगेनचा दोस्त : पॅकेज न घेता केलेल्या स्वित्झर्लंडचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, रामायण नंतर. स्वित्झर्लंडला जायचं असंल, तिकडं डोंगराच्या बाजूला तुमचं कुणी दोस्त-पाहुणं राहायला असंल आणि तुमच्या मागं कुणी लागलेलं नसंल, तर हाफ फेअर कार्ड घ्या, म्हणजे रेल्वे-बसचं तिकीट निम्म्या भावात. ठरलेल्या दिवसांच्या ट्रॅव्हल पासच्या नादी लागू नका. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कामून कापला ते खाली येतंय, पण त्यात कार्डाची चूक कमी आन माझी जास्त, हे आधीच कबूल करतो.

आमचं कसं जमलं बगा. अकरावी-बारावीला लातुरात एका खोलीत राहून, एकाच मेसचा डबा खाऊन ट्युशन केलेला माझा दोस्त आता बर्नला नोकरीला आहे आणि राहायला फ्रुटिगेनला, म्हणजे बर्नपासून रेल्वेनं तासाभराच्या आत, डोंगरात घुसल्या घुसल्या लागणारं गाव. सात-आठ वर्षं झाली, फोन आला की शेवटचं वाक्य ठरलेलं, "ये की रं गड्या एकदा." पोरगी आठवीत गेली तशी बायको म्हणली की आता दहावीचं येड सुरू होईल आन मग बारावी आन मग नीट, जायचं तर यंदाच. झालं. ३१ मे २०२५ ला निघालो, १४ जूनला परत, १६ ला शाळा.

त्याआधी एका ट्रॅव्हलवाल्यानं ९ दिवसांत ५ देशांचं पॅकेज गळ्यात मारायला बघितलं होतं. आमच्या गल्लीतले एक सर तसल्याच पॅकेजनं जाऊन आलते, त्यांचे फोटो बघितले तर निम्मे बसच्या काचेतून आन निम्मे बफेच्या ताटाचे. मला ते नको होतं. दोस्ताला म्हणलं मी तुझ्याकडं पडून राहायला येलालो, फिरवायचं टेन्शन घेऊ नको. तो म्हणला हाव, तेच बरं, इथं येणारा प्रत्येक पाहुणा मला बर्फ कुठंय बर्फ कुठंय करून पिसाळून टाकतोय.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसा, माणशी ९० युरो फी, किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतो आणि दोस्ताचं आमंत्रणाचं पत्र. त्याच्या घरी राहणार म्हणल्यावर हॉटेलचं बुकिंग दाखवायचं काम वाचलं. कागद दोनदा परत आले, एकदा तर शेतीचं उत्पन्न इंग्रजीत कामून नाही म्हणून, ते जाऊद्या.

आता कार्ड. हाफ फेअर कार्ड एक महिना चालतं, तुमच्या नावावर असतं, फोनमधे कोड येतो आणि सोबत पासपोर्ट ठेवायचा. त्याच्यावर रेल्वे, बस, बोट, आणि बहुतेक सगळ्या डोंगरावरच्या गाड्या अन् रोपवे निम्म्या भावात. ट्रॅव्हल पास म्हणजे ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो, त्यात बसा उतरा बसा उतरा, तिकिटाची भानगडच नाही. ऐकायला पासच भारी वाटतो आन मी पण तोच घेणार होतो. पण दोस्तानं दोन प्रश्न विचारले. एक, तू रोज फिरणारेस का? नाही. मग ज्या दिवशी तू गॅलरीत चहा पीत बसणार त्या दिवसाचे पैसे कामून भरतोस? दोन, युंगफ्राऊयोखला गेलास तर पासवर २५ टक्के सूट हाय आन या कार्डावर ५० टक्के. विषय संपला. शिवाय १६ वर्षांच्या आतली लेकरं आई-बापासोबत फॅमिली कार्डावर फुकट, ते कार्डही फुकट, फक्त आधी मागून घ्यावं लागतं. पोरीचा प्रवास पंधरा दिवस शून्य रुपयात. तिला म्हणलं बघ, तू आमच्यापेक्षा स्वस्त पडलीस, तर ती दिवसभर फुगून बसली.

आम्ही पंधरापैकी सातच दिवस गावाबाहेर पडलो. बाकी आठ दिवस काय केलं असं लोक विचारतात. काही नाही केलं.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस ते काही न करणं जमंनाच. सकाळी ६ ला उठून आवरून बसलो की दोस्त म्हणायचा, कुठं निघालास? संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड, त्यामुळं दिवस संपतच नाही. घरामागं गवताचा उतार, त्याच्यावर गायी, त्यांच्या गळ्यात तांब्याएवढ्या घंटा आन त्या रात्रभर वाजतात. बायकोला पहिल्या रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या रात्री तीच म्हणली, पोळ्याच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यात असंच वाजायचं.

आन पाणी. हे जरा सविस्तर सांगतो कारण मी लातूरचा आहे. गावात चौकाचौकात दगडाची नाहीतर लाकडाची डोणी असती, गुरांना पाणी पाजायची आपल्याकडं असायची तशीच, आणि तिच्यात एका नळीतून पाणी पडत राहतं. चोवीस तास. तिथं "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी नसंल तर ते प्यायचं पाणी असतं, खुशाल बाटली भरा. पहिल्या दिवशी आम्ही दुकानातून येलालो होतो, बायको त्या डोणीजवळ थांबली आणि वाकून नळीच्या मागं हात घालून काहीतरी शोधायला लागली. म्हणलं काय पडलं का? म्हणली, "अहो, चावी कुठंय ह्याची, चालूच राहिलाय." वहिनी, म्हणजे दोस्ताची बायको, हसून हसून खाली बसल्या. मला काय हसू आलं नाही. आमच्या कॉलनीला आठवड्यातून एकदा नळ येतो, त्या दिवशी हिची सुट्टी ठरलेली असती. नंतर पंधरा दिवस ती त्या डोणीजवळून जाताना एकदा तरी हात लावायचीच.

आता ट्रुमेलबाखचे धबधबे. फ्रुटिगेनहून स्पिझ, तिथून इंटरलाकेन ओस्ट, तिथून छोटी गाडी लाउटरब्रुनेनला, पुढं पिवळी पोस्टाची बस. सगळ्या गाड्या अशा जुळवलेल्या की उतरलो, समोरच्या प्लॅटफॉर्मवर गेलो, बसलो. हे धबधबे डोंगराच्या पोटात आहेत. एकूण दहा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी एका फटीतून खाली येतं आणि सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत जातं. आत लिफ्टनं वर नेतात, मग बोगद्यातून आन जिन्यानं उतरत यायचं. हे खाजगी आहे, वेगळं तिकीट पडतं, तिथं कार्डाच्या भरवशावर राहू नका. चार वर्षांखालच्या पोरांना आत सोडत नाहीत आन ते बरोबरच आहे, आवाजानं छातीत धडधडायला लागतं, शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, कठडा ओला, अंगावर तुषार, दगड कापून पाणी असं पिळवटून खाली जातं की बघणाऱ्याला गरगरतं.

तिथं उभा राहून मी फोनवर हिशोब केला. २०१६ च्या एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आठवत असंल सगळ्यांना. पहिली गाडी ५ लाख लिटरची, लोक बघायला गेलते, हार घातले होते. नंतर ५० डब्यांची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटरची. २५ लाख भागिले २०,००० म्हणजे १२५ सेकंद. आमची अख्खी पाण्याची रेल्वे तिथं दोन मिनिटं आन पाच सेकंदात भरती. पोरीला फोन दाखवला, ती तेव्हा चार वर्षांची होती, तिला काही आठवत नाही. बायकोला दाखवला तर तिनं बघितलं आणि म्हणली चला खाली, थंडी वाजायली.

या एका जागेला पाचपैकी पाच. युंगफ्राऊयोखला मात्र आम्ही गेलोच नाही, ३४५४ मीटरवर युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, वर हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल पण आहे म्हणे, पण निम्म्या भावातपण तिघांचं… म्हणजे दोघांचं तिकीट बघून आमचा विचार बदलला. तिथला एक फ्रँक शंभर रुपयांच्या वर होता तेव्हा. एक कॉफी पाच फ्रँक म्हणजे पाचशे रुपये, पहिले चार दिवस मी प्रत्येक गोष्ट गुणिले शंभर करत होतो, मग दोस्तानं दम दिला की एकतर गुणाकार कर नाहीतर मजा कर.

त्याऐवजी नीझेनला गेलो, हे फार कुणाला माहीत नसतं. फ्रुटिगेन आणि स्पिझच्या मधे म्युलेनेन स्टेशन, तिथून लगेच दोरावर ओढली जाणारी गाडी, १९१० पासून चालू, मधे एकदा गाडी बदलायची आणि २३६२ मीटरवर. डोंगराचा आकार अगदी पोरं चित्रात काढतात तसा त्रिकोण. वरून थुनचं तळं निळंशार. रुळाच्या कडेनं कामगारांसाठी जिना आहे, ११,६७४ पायऱ्या, जगातला सगळ्यात लांब जिना म्हणतात. तो एरवी बंद असतो, वर्षातून एकदा शर्यतीला उघडतात. बायको म्हणली बरं झालं बंद आहे, नाहीतर तुम्ही नवस बोलला असता. इथं कार्ड चाललं, निम्मे पैसे.

कांडरस्टेगचं ओशिनेन तळं पण बघितलं, १५७८ मीटरवर, सुंदरच आहे त्यात वाद नाही, पण शनिवारी जाऊ नका, फोटो काढणाऱ्यांची जत्रा असती. तळ्याच्या वरच्या बाजूला डोंगराचा एक भाग हळूहळू सरकायलाय, त्यावर लक्ष ठेवून असतात आणि तिकडच्या काही पायवाटा बंद केल्यात. पाटी दिसली की मागं फिरा, आपल्यासारखं "काही होत नाही हो" करू नका. कारण आम्ही निघायच्या तीनच दिवस आधी, २८ मेला, पलीकडच्या लोचेन खोऱ्यात ब्लाटेन गावावर हिमनदी अन् डोंगराचा कडा कोसळला आणि जवळजवळ अख्खं गाव गाडलं गेलं. माझ्या आईनं टीव्हीवर बघून फोन केला, जाऊ नको म्हणून. ३०० माणसं आणि गुरं आठवडाभर आधीच हलवली होती, एक जण मात्र गेला. दोस्ताच्या बिल्डिंगमधले लोक दुसरं बोलतच नव्हते. मी आन दोस्त एका रात्री गॅलरीत बसून किल्लारीचं बोललो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आम्ही तेव्हा शाळेत होतो, गणपती विसर्जन करून सगळे झोपलेले. भूकंप सांगून येत नाही अन् डोंगर कधी कधी सांगतो, एवढाच फरक, दोस्त म्हणला, पण ऐकायला माणूस बसवून ठेवावा लागतो.

बरं, आता कापलेला अर्धा स्टार. हाफ फेअर कार्डाची खरी कटकट म्हणजे दरवेळी गाडीत बसायच्या आधी तिकीट काढावंच लागतं. स्टेशनला दार नाही, गेट नाही, कुणी अडवत नाही, आणि म्हणून विसरायला होतं. टीसी मात्र येतोच. पासवाल्याला ही चिंता नसती. ॲपमधे काढता येतं पण आईबाप दोघं, पोरगी, कार्ड टाका, हे टाका, गाडी सुटायला दोन मिनिटं, घाम फुटतो. त्यातून तिकडं काही गाड्या मधल्या स्टेशनात तुटून दोन होतात आणि दोन तुकडे दोन दिशांना जातात.

झालं असं की आम्ही दोस्ताशिवाय बर्नला गेलो, अस्वलं बघितली, येताना ऐटीत गाडीत बसलो. स्पिझला गाडी थांबली, काचेतून स्टेशनचं घड्याळ दिसत होतं. हे घड्याळ बघण्यासारखं असतं, हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेच्याच इंजिनिअरनं १९४४ मधे केलेलं, त्याचा लाल सेकंद काटा बारावर येऊन दीडेक सेकंद थांबतो आणि मग मिनिट काटा पुढं सरकला की हा निघतो. मी पोरीला तेच दाखवत बसलो, थांबला बघ, थांबला, आता निघाला. तेवढ्यात आमची गाडी पण निघाली आणि फ्रुटिगेनच्या दिशेला न जाता उजवीकडं वळली. आमचा डबा त्स्वाइझिमेनला जाणाऱ्या तुकड्यात होता. डब्यावर लिहिलेलं होतं, सांगितलंही असणार, मी घड्याळ बघत होतो.

टीसी आला. मी घाबरून इंग्रजी, मराठी, हिंदी सगळं एकदम बोललो. तो तिकीट बघून म्हणला पुढच्या स्टेशनला उतरा, त्याच तिकिटावर परत जा, आणि परतीची गाडी किती वाजता अन् कुठल्या प्लॅटफॉर्मला ते कागदावर लिहून दिलं. दंड नाही. तो कागद मी ठेवलाय.

ते स्टेशन म्हणजे एक बाक आणि शेजारी कुंपण. कुंपणापलीकडं तांबड्या-पांढऱ्या गायी. हे सिमेन खोरं, सिमेंटल गाय मूळची इथली, तीच जिचं वीर्य आपल्याकडच्या संकरासाठी आणतात. मी देवणी तालुक्यातल्या मामाच्या घरी वाढलेला माणूस, देवणी गाय म्हणजे आमचा अभिमान, म्हणून जवळ जाऊन नीट बघितलं. अंगानं धिप्पाड, तोंड पांढरं, कास भरलेली. पण वशिंड नाही, कान लहान, पोळी लोंबत नाही. दुधाला भारी असंल, पण दिसायला आमची देवणी ती देवणी. समोरच्या उभ्या उतारावर एक म्हातारा काटेरी चाकांच्या मशीननं गवत कापायला होता, आपण सरळ उभं राहू शकणार नाही असा उतार. दोस्तानं नंतर सांगितलं की असल्या चढाच्या जमिनीवर शेती टिकवायची म्हणून सरकार त्यांना थेट पैसे देतं, जितका चढ जास्त तितके जास्त. मी म्हणलं आमच्या सोयाबीनला हमीभाव मिळंना. त्यावर तो काही बोलला नाही, त्याचीपण सहा एकर आहे औशाकडं.

खाण्याचं. वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, भाऊजी, येताना कुंथलगिरीचा पेढा आणा. पण युरोपबाहेरून दूध-मांसाचं काही नेता येत नाही, तेव्हा पेढा राहिला. ज्वारीचं पीठ, येसर, शेंगदाण्याची चटणी, चुरमुरे एवढं नेलं. ज्वारीचं पीठ बघून वहिनींनी आधी वास घेतला, मग पिशवी तशीच उचलून आत ठेवली, आमच्यासाठी करायची नाही असं ठरवूनच. मग सातव्या दिवशी भाकरी केली. पाऊस लागलेला, दिवसभर धुकं, डोंगर गायब, आणि आम्ही सहाजण स्वयंपाकघरात भाकरी, पिठलं, ठेचा. सुशीला तर त्यांच्या पोरानं पहिल्यांदा खाल्ली.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, तिकडच्या जुन्या पद्धतीच्या चीजमधे, ग्रुयेर असो की एमेंटाल, दूध नासवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. आम्हाला कळेपर्यंत माझ्या बायकोचं एक फाँड्यू, म्हणजे वितळवलेलं चीज, खाऊन झालं होतं. ती दोन दिवस गप्प होती. बटाट्याची रोश्टी बिनधास्त खा, पण वर काय टाकलंय ते विचारून.

पाऊस तीन दिवस सलग होता, हेही रिव्ह्यूत आलं पाहिजे. जूनच्या सुरुवातीला वरच्या वाटांवर बर्फ असतो, सगळ्या वाटा उघडलेल्या नसतात. रविवारी दुकानं बंद, आणि आमच्या वेळेला ९ जूनच्या सोमवारी पण सणाची सुट्टी, घरातलं दूध संपलं तर मोठ्या स्टेशनातल्या दुकानापर्यंत गाडीनं जावं लागलं. त्या तीन दिवसांत एकदा गावातलंच ट्रॉपिकल हाउस बघितलं. फ्रुटिगेनला ३४.६ किलोमीटरच्या लोच्बेर्ग बोगद्याचं तोंड आहे, २००७ मधे सुरू झालेला, आणि डोंगरातून कोमट पाणी निघतं. ते तसंच नदीत सोडलं तर थंड पाण्यातल्या माशांना मानवत नाही, म्हणून त्या उष्णतेवर स्टर्जन मासे आणि केळी-पपया वाढवल्या. पोरगी म्हणली, बाबा, पपई बघायला आपण स्वित्झर्लंडला आलो का?

दोस्ताकडं राहायचे नियम पण सांगून ठेवतो. कपडे धुवायची खोली बिल्डिंगला एकच, तिचं वेळापत्रक लावलेलं, आमची पाळी नसताना बायकोनं टॉवेल धुतले तर खालच्या आजींनी वहिनींना अदबीनं विचारलं. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत, आवाज होतो. कचऱ्याची पिशवी सुद्धा पैसे भरलेलीच लागते, त्यामुळं चहाचा चोथासुद्धा वहिनी वेगळा ठेवतात. भिंतीतलं प्लगचं भोक षटकोनी खड्ड्यात असतं, आपला तीन पिनांचा चार्जर बसत नाही, दोन पिनांचा सडपातळ बसतो.

परत येताना झुरिच एअरपोर्टच्या स्टेशनात, ते विमानतळाच्या खालीच आहे, माझ्या लक्षात आलं की दोघांच्या कार्डाचे अजून पंधरा-सोळा दिवस शिल्लक आहेत. खिडकीवरच्या बाईला विचारलं, माझा मेव्हणा पुढच्या आठवड्यात येणारे, त्याच्या नावावर करून मिळंल का? येणार कुणी नव्हतं, पण विचारायला काय जातंय. तिनं कार्ड बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणली नाही.